मायक्रॉनांच्या हिशेबातली झळाळी

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर कारखान्यात चढवलेल्या सर्व थरांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १४० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तेव्हा हे सारे आवरण मिलिमीटरच्या सातव्या ते दहाव्या हिश्श्यात सामावते. त्याच्या तळाशी गंजाला अटकाव करणारा फॉस्फेटचा अतिसूक्ष्म लेप असतो आणि त्यावर, गाडीचा संपूर्ण सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने बसवलेला प्रायमर असतो. त्यानंतर पृष्ठभाग एकसारखा करणारा सर्फेसर, मग ज्याला प्रत्यक्ष रंग म्हणता येईल असा १२ ते २० मायक्रॉनचा बेस कोट, आणि सर्वांत वर ३५ ते ५० मायक्रॉनचा, रंगद्रव्य नसलेला पारदर्शक थर येतो, ज्याला गॅरेजांत क्लिअर कोट किंवा नुसते लॅकर म्हणतात. गाडीची झळाळी ही या शेवटच्या थराच्या वरच्या पृष्ठाची असते. ती मंदावली असता पुन्हा आणायची, तर त्या थरातून थोडे द्रव्य घासून काढावे लागते, आणि एकदा काढलेले द्रव्य कोणत्याही बाटलीतून परत मिळत नाही. त्यामुळे या कामात किती काढले यापेक्षा किती राखले, यावर कारागिराची खरी पारख होते.

झळाळी हा प्रकाशाच्या परावर्तनाचा प्रश्न आहे. गुळगुळीत पृष्ठावर पडलेला किरण ज्या कोनाने येतो त्याच कोनाने परततो, तर खडबडीत पृष्ठावर तो अनेक दिशांना विखुरतो. पृष्ठ कितपत सपाट असले म्हणजे ते प्रकाशाला गुळगुळीत वाटते, याचा एक निकष लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखला जातो. त्यानुसार समोरून पडणाऱ्या प्रकाशासाठी उंचसखलपणा तरंगलांबीच्या सुमारे आठव्या भागापेक्षा कमी असावा लागतो, म्हणजे ०.५५ मायक्रॉन तरंगलांबीच्या हिरव्या प्रकाशासाठी जेमतेम ०.०७ मायक्रॉन. बोटाला अगदी गुळगुळीत लागणारे बॉनेट डोळ्याला निस्तेज दिसते ते यामुळेच, कारण बोटाला न कळणारे चरे प्रकाशाच्या मापाने मोठेच असतात. क्लिअर कोटच्या वरच्या पृष्ठावरून समोरून पडलेल्या प्रकाशापैकी अवघा ४ टक्क्यांच्या आसपास भाग परततो आणि उरलेला आत जाऊन रंगद्रव्यावर आदळतो. काळ्या गाडीत आत गेलेला प्रकाश जवळजवळ सगळा शोषला जात असल्यामुळे पृष्ठावरच्या चऱ्यांनी विखुरलेला थोडासा प्रकाशही धुरकट पडद्यासारखा उठून दिसतो. पांढऱ्या गाडीत आतूनच इतका प्रकाश परत येतो की तेच चरे त्यात बुडून जातात. काळी गाडी राखणे अवघड असते, या सर्वसाधारण अनुभवाचे कारण एवढेच आहे.

उन्हात उभ्या असलेल्या गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती दिसणारे बारीक चऱ्यांचे वर्तुळाकार जाळे हा या विषयातला सर्वांत फसवा देखावा होय. ते पाहून गाडी गोल गोल हात फिरवून पुसल्यामुळे असे झाले, असे निदान बहुतेक जण करतात. वस्तुतः चरे सर्व दिशांना गेलेले असतात. परंतु प्रत्येक चरा स्वतःच्या लांबीशी काटकोन करणाऱ्या दिशेतच ठळकपणे चमकतो, आणि त्यामुळे दिव्याच्या किंवा सूर्याच्या प्रतिबिंबाला वेढून असलेल्या वर्तुळाच्या कडेने जे चरे पडलेले असतात तेवढेच पाहणाऱ्याच्या नजरेस येतात. पाहणारा दोन पावले सरकला की जाळेही त्याच्याबरोबर सरकते, आणि आधी न दिसलेले दुसरे चरे उजळतात. सरळ रेषेत पुसले म्हणजे गाडी सुरक्षित राहील हा समज म्हणूनच अपुरा आहे. फडक्यात वाळूचा कण असेल, तर हात कोणत्याही दिशेने फिरला तरी चरा पडणारच.

चरे नाहीसे कसे होतात, याचे नेमके विवेचन न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात काचेच्या संदर्भात केले. वाळू किंवा तत्सम चूर्णाने काच घासली असता चूर्ण काचेला ओरखडण्यापलीकडे काहीच करू शकत नाही. चूर्ण जितके बारीक, तितके ओरखडे बारीक, आणि ते दिसेनासे झाले की आपण काच चकचकीत झाली असे म्हणतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज बेल्बी यांनी धातूंबाबत निराळे मत मांडले. घासताना वरचा अतिसूक्ष्म थर वाहून पसरतो आणि खळगे बुजवतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९३७ साली बाउडन आणि ह्यूज यांनी या प्रक्रियेत उष्णतेचा आणि द्रव्याच्या वितळबिंदूचा वाटा दाखवून दिला. मोटारीच्या क्लिअर कोटला ही दोन्ही मते आपापल्या परीने लागू पडतात. काम मुख्यतः न्यूटनच्या म्हणण्याप्रमाणे, मोठ्या चऱ्याच्या जागी लहान आणि लहानाच्या जागी सूक्ष्म चरा आणत पुढे जाते. पण क्लिअर कोट हे राळेच्या जातीचे बहुवारिक द्रव्य असल्यामुळे घर्षणाच्या उष्णतेने ते मऊ पडते, आणि त्या उष्णतेचा अंदाज चुकला तर पृष्ठ सुधारण्याऐवजी बिघडते.

रंग घासून चमकवण्याची कला मोटारीइतकीच जुनी असली, तरी तिला कारखान्यात जागा मिळाली ती १९२० च्या दशकात. त्याआधी घोडागाडीप्रमाणेच मोटारीवरही तेलाचे व्हार्निश ब्रशाने एकावर एक चढवले जाई आणि ते वाळायला आठवडे लागत. ड्युपाँ कंपनीचे ड्युको हे नायट्रोसेल्युलोज लॅकर जनरल मोटर्सने १९२३ मध्ये आपल्या ओकलंड या गाडीवर निळ्या छटेत वापरले, आणि वाळण्याचा काळ आठवड्यांवरून तासांवर आला. हे लॅकर फवारल्यानंतर मात्र अंगचीच चमक घेऊन वाळत नसे; त्याला घासून, रबिंग कंपाउंड लावून झळाळी द्यावी लागे, आणि आज गॅरेजात जे रबिंग म्हणून ओळखले जाते त्याची परंपरा त्या गरजेतून रूढ झाली. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या फ्रान्सिस ओकी यांनी पाण्यात भिजवून वापरता येणारा पॉलिश पेपर शोधून काढल्यामुळे घासताना उडणारी धूळ बसली. त्या पेपरचे नमुने सेंट पॉल शहरातल्या रंगशाळांत घेऊन जाणाऱ्या रिचर्ड ड्रू यांनी, दुरंगी गाड्या रंगवताना कारागिरांची होणारी पंचाईत पाहून, १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. रंगद्रव्याचा थर आणि त्यावर स्वतंत्र पारदर्शक थर ही पद्धत पुढे १९८० च्या दशकात जगभरच्या कारखान्यांत रुळली, आणि झळाळीचे काम रंगावरून त्या पारदर्शक थरावर गेले.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एकाच थरात रंगद्रव्य आणि चमक दोन्ही असलेल्या रंगाचा मराठी वाचकाला जवळचा नमुना म्हणजे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होणारी प्रीमियर पद्मिनी. अशा रंगावर उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू यांचा मारा झाला की रंगद्रव्याला धरून ठेवणारे बंधक द्रव्य वरून झिजते आणि सुटे झालेले रंगद्रव्य खडूच्या भुकटीसारखे पृष्ठावर उरते. बोट फिरवले तर ते बोटाला लागते. अशी गाडी घासताना फडके गाडीच्याच रंगाचे होते, ते पाहून मालक धास्तावतो, पण निघत असते ते मेलेले द्रव्य आणि त्याखालचा रंग पुष्कळदा आश्चर्य वाटावे इतका ताजा असतो. याउलट क्लिअर कोट असलेल्या गाडीचे फडके रंगले, तर त्याचा अर्थ पारदर्शक थर संपला असा होतो, आणि त्या क्षणी हात थांबवणे एवढेच हाती उरते. जुन्या रंगांतल्या पिवळ्या आणि लाल छटांत शिशाची संयुगे वापरली जात, हेही लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. अशा गाडीचा रंग कोरडा घासून त्याची धूळ फुप्फुसांत घेणे हा अनाठायी धोका असल्यामुळे तेथे पाणी लावूनच घासावे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत मूळ द्रव्य जतन करण्याला नव्याने घडवण्यापेक्षा अग्रक्रम दिला आहे, आणि तो विचार रंगालाही लागू आहे. पन्नास वर्षांचा मूळ रंग घासून जागा करता येत असेल, तर तो खरवडून नवा फवारणे ही सुधारणा ठरत नाही, ते नुकसानच असते.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात धुण्यापासून होते, आणि हा टप्पा उरकण्याची घाई बाकी सगळे काम वाया घालवते. धुऊनही न गेलेले डांबराचे शिंतोडे पातळ द्रावकाने काढतात. रेल्वेच्या व ब्रेकच्या लोखंडी चुऱ्याचे रुतलेले कण हात फिरवताच खरखरीत लागतात, आणि ते जपानमध्ये विकसित झालेल्या मळलेल्या मातीसारख्या लवचीक वडीने, साबणाच्या पाण्याचे वंगण देत, उचलून घ्यावे लागतात. त्यानंतर जाडीमापक यंत्राने प्रत्येक भागाची जाडी नोंदवतात. हे यंत्र लोखंडी पत्र्यावर चुंबकीय आणि ॲल्युमिनियमवर विद्युत प्रवाहाच्या तत्त्वाने चालते, प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र बहुधा निरुपयोगी ठरते. आकडा १०० ते १४० च्या दरम्यान असेल तर रंग बहुधा कारखान्याचा. दोनशे-तीनशेच्या पुढे गेला तर तो भाग पुन्हा रंगवलेला. आणि त्याच्याही कितीतरी पट निघाला तर आत लांबी भरलेली आहे असे समजावे. या यंत्राची एक मर्यादा मात्र पुष्कळदा विसरली जाते. ते एकूण जाडी सांगते, त्यातला पारदर्शक थर किती उरला हे सांगत नाही. ११० मायक्रॉनच्या आवरणातही आधीच्या तीन घासण्यांनी क्लिअर कोट धोक्याच्या पातळीवर आलेला असू शकतो.

मोजणी झाल्यावर जाणता कारागीर संपूर्ण गाडीला हात घालत नाही. तो बॉनेटचा साधारण दीड फूट लांबीरुंदीचा चौकोन टेपने आखून घेतो, त्याच्या कडांवर आणि शेजारच्या रबरी पट्ट्यांवरही टेप लावतो, आणि सर्वांत सौम्य पॅड व सर्वांत सौम्य पॉलिश घेऊन तेवढ्याच जागेवर प्रयोग करतो. स्पंजाच्या पॅडवर पॉलिशचे वाटाण्याएवढे चार-पाच थेंब ठेवून यंत्र आधी अगदी कमी वेगाने फिरवून ते सर्वत्र पसरवायचे, मग वेग वाढवून, यंत्राचे वजन हेच दाबाचे माप मानून, सेकंदाला इंच-दोन इंच इतक्या संथ गतीने आडवे आणि मग उभे पट्टे, आधीच्या पट्ट्याचा निम्मा भाग पुन्हा घेत घालायचे. सुरुवातीला दुधाळ दिसणारे पॉलिश हळूहळू पारदर्शक तेलकट पापुद्र्यासारखे होते, त्यातले ॲल्युमिनाचे कण आपले काम करून बारीक होतात, आणि यंत्राचा आवाजही किंचित बदलतो. मऊ फडक्याने पापुद्रा पुसून, अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने राहिलेले तेल काढून, टॉर्चचा एकेरी प्रकाश तिरका धरून पाहिल्यावरच चरे गेले की तेलाने झाकले गेले, याचा निकाल लागतो. गेले नाहीत, तर एक पायरी तीव्र पॉलिश. त्यानेही नाही, तर लोकरीचे पॅड. सौम्याकडून तीव्राकडे जाण्याचा हा क्रम उलटा करणे, म्हणजे आधीच सर्वांत तीव्र कंपाउंड लावून मोकळे होणे, ही धंद्यातली सर्वांत खर्चिक सवय आहे.

बफिंग यंत्रेही दोन जातींची असतात. एकाच अक्षावर गरगर फिरणारे यंत्र वेगाने कापते, पण एका जागी रेंगाळले तर क्षणार्धात क्लिअर कोट तापवून जाळते, आणि नवख्याच्या हातून त्याचे धुरकट पट्टेही मागे राहतात. फिरता फिरता झुलणारे, ज्याला ड्युअल ॲक्शन म्हणतात ते यंत्र, हळू कापते आणि उष्णता विखरून टाकते. घरगुती वापरासाठी तेच योग्य. कुठल्याही यंत्राखाली पत्रा हात ठेवता येणार नाही इतका तापला, की थांबावे. बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागांतून उष्णता पत्र्यासारखी वाहून जात नसल्यामुळे तेथे ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. दरवाजाच्या आणि बॉनेटच्या टोकदार घड्यांवर द्रव रंग वाळताना मागे सरकलेला असल्यामुळे आवरण मुळातच पातळ असते, आणि पॅडचा सगळा दाबही त्या अरुंद रेषेवर येतो. रंग उडाल्याच्या बहुतेक तक्रारी अशाच कडांच्या असतात.

संत्र्याच्या सालीसारखी बारीक लहर किंवा खोल ओरखडा काढण्यासाठी २००० किंवा त्याहून बारीक नंबरचा पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, सपाट ठोकळ्याला गुंडाळून वापरतात. २००० नंबरच्या पेपरवरील कणांचे सरासरी माप १० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे क्लिअर कोटच्या जाडीच्या जवळजवळ चौथा हिस्सा. एवढ्यावरूनच हे हत्यार किती जपून चालवावे लागते ते कळावे. हात सरळ रेषेत फिरवायचा, दर काही फेऱ्यांनी पाणी पुसून पाहायचे, आणि लहर पुरती जाण्याआधीच थांबायचे, कारण रोजच्या वापराच्या गाडीवर संपूर्ण सपाट पृष्ठाचा हट्ट धरला तर पुढच्या दहा वर्षांचे संरक्षण त्यात खर्ची पडते. ओरखड्यावरून नख आडवे फिरवून पाहणे ही जुनी कसोटी आजही चांगली आहे. नख अडकत असेल तर तो ओरखडा घासून घालवण्याच्या पलीकडचा असतो, त्याच्या कडा मऊ करून तो कमी दिसेल इतके करावे किंवा टचअप भरावा, आणि तेवढ्यावर समाधान मानावे.

क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषणारी आणि त्यांनी घडवलेली साखळी प्रक्रिया रोखणारी द्रव्ये मिसळलेली असतात, आणि थर पातळ होत जाईल तसे हे संरक्षण कमी होते. म्हणून सावध कारागीर गाडीच्या संपूर्ण आयुष्यात ८ ते १० मायक्रॉनपेक्षा अधिक द्रव्य जाऊ देत नाहीत. पूर्ण कटिंगच्या एका खेपेला तीन-चार मायक्रॉन जातात असे धरले, तर असे काम दोन-तीनदाच करता येते, हे साधे गणित आहे. दर वर्षी दिवाळीला गाडी रबिंग करून घेण्याचा रिवाज यामुळेच घातक ठरतो. टपावर किंवा बॉनेटवर पांढरे डाग उमटून पापुद्रे सुटू लागले असतील, तर थराची बेस कोटवरील पकडच गेलेली असते. अशा जागी पॉलिश काहीही करू शकत नाही आणि तो भाग पुन्हा रंगवण्याला पर्याय नसतो. पुन्हा रंगवताना वापरल्या जाणाऱ्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट गटातली संयुगे असतात, ज्यांच्या वाफाऱ्याने रंगाऱ्यांना कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून फवारणी करणारा कारागीर हे आपल्या गॅरेजांतले नित्याचे दृश्य आहे, आणि ते बदलायला हवे.

चरे काढल्यावर जे लावले जाते ते झळाळी निर्माण करत नाही, ती काही काळ टिकवते. ब्राझीलच्या ईशान्येकडील कार्नौबा ताडाच्या पानांवरून मिळणारे मेण सर्वांत कठीण वनस्पतिज मेणांपैकी एक असून ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. त्याचा लेप ऊबदार, खोल झाक देतो, पण विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात आणि तीव्र साबणापुढे काही आठवड्यांतच विरतो. सिलिकाच्या संयुगांवर आधारलेले सिरॅमिक कोटिंग अधिक टिकते, पाणी आणि चिखल धरू देत नाही. मात्र जाहिरातीत मिरवला जाणारा ‘नऊ एच’ हा आकडा पेन्सिलच्या शिशाने ओरखडून पाहण्याच्या चाचणीतला आहे, खनिजांच्या काठिण्याच्या मोजपट्टीवरला नव्हे. मायक्रॉनभर जाडीचा लेप खालच्या मऊ थराला वाळूच्या कणापासून वाचवू शकत नाही. तेल आणि मेण चऱ्यांत भरून ते झाकणारी पॉलिशेही बाजारात मिळतात, आणि वापरलेल्या गाड्यांच्या विक्रीत त्यांचा उपयोग सर्रास होतो. असे झाकलेले चरे दोन-तीन धुण्यांत पुन्हा वर येतात, तेव्हा जुनी गाडी घेताना तिरक्या उन्हात पाहण्यापूर्वी तिचा एखादा कोपरा अल्कोहोलच्या पाण्याने पुसून घ्यावा.

चरे पडण्याची कारणे मात्र गॅरेजात सापडत नाहीत, ती घराच्या अंगणात सापडतात. दख्खनच्या पठारावरची धूळ काळ्या बेसाल्टच्या झिजेतून आलेली आहे, तिच्यातली खनिजे क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात, आणि तिच्यात बांधकामाची वाळू मिसळली की क्वार्ट्झची भर पडते. पक्ष्यांची विष्ठा तापलेल्या, मऊ पडलेल्या थरावर वाळून आकसते आणि रात्री थर थंड होताना तिचा ठसा कायमचा उमटतो, म्हणून ती दिसताक्षणी भिजवून काढावी. कोकणातल्या खाऱ्या हवेत रंगाचा टवका उडाल्यावर गंज दिवसांत दिसतो, तर मराठवाड्यातल्या बोअरचे जड पाणी उन्हात वाळू दिले की चुन्याची वर्तुळे रंगात रुततात. या सगळ्यांपेक्षा अधिक नुकसान करणारी गोष्ट म्हणजे शहरांतल्या सोसायट्यांत रोज सकाळी एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवलेल्या एकाच फडक्याने ओळीने दहा गाड्या पुसण्याची पद्धत. रोज पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सावलीत भरपूर पाणी सोडून धुतलेली गाडी अधिक काळ चमकते. म्हणून पॉलिशवर पैसे घालवण्याआधी गाडीमालकांनी गाडी धुणाऱ्याला फडके खंगाळण्यासाठी दुसरी बादली आणि आपल्या गाडीपुरती वेगळी, जाड मायक्रोफायबर फडकी घेऊन द्यावीत, आणि गॅरेजात गाडी सोपवताना कामाआधीच्या व कामानंतरच्या जाडीचे आकडे लिहून मागावेत.